मरणाशेजारी उभी असलेली मुलगी

(महिला कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे. वक्त्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवेचं काम करतात.)

'बाई आणि आरोग्य' या विषयावर आपण दोन दिवस बोलतो आहोत. बाळंतपण आलं, रक्तपांढरी आली, नको तिथे गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया आल्या, आशाताईंचं मानधन आलं. या सगळ्या बोलण्यात बाई एकतर पेशंट होती, नाहीतर गावात काम करणारी कार्यकर्ती होती. मी आज जिच्याबद्दल बोलणार आहे ती या दोन्हींत बसत नाही. ती अठरा-एकोणीस वर्षांची आहे, नर्सिंग शिकते आहे, आणि सरकारी इस्पितळाच्या वॉर्डात एका मरणाऱ्या माणसाच्या खाटेशी उभी आहे. वॉर्डात तिला नावानं कुणी हाक मारत नाही. 'ए स्टुडंट' म्हणतात.

हा विषय आपल्या शिबिराचा कसा, असं कुणाच्या मनात येईल. मला तो आपल्या अगदी जवळचा वाटतो. इथे बसलेल्या कितीतरी जणींनी आपल्या वस्तीतल्या, गावातल्या मुलींना नर्सिंगला घातलेलं आहे. ए.एन.एम. म्हणजे दोन वर्षं, जी.एन.एम. म्हणजे तीन वर्षं, बी.एस्सी. नर्सिंग म्हणजे चार वर्षं. बारावी झाली, सतरा वर्षं पूर्ण झाली की प्रवेश घेता येतो. लग्न लांबतं, हातात नोकरी येते, मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहते. म्हणून आपण फॉर्म भरून देतो, जातीचा दाखला काढून देतो, फीसाठी दहा जणांकडे शब्द टाकतो. आणि प्रवेश झाला की मुलगी मार्गी लागली असं समजून पुढच्या कामाला लागतो. त्या पुढच्या तीन-चार वर्षांत तिच्या वाट्याला काय येतं, हे आपण सहसा विचारत नाही.

मी एम.एस.डब्ल्यू. करून या कामात आले त्याला दहा वर्षं होतील. सरकारी कागदावर आमचं पद 'समाजसेवा अधीक्षक' आहे. पेशंट आम्हाला 'समाजसेवेच्या बाई' म्हणतात. औषधाला पैसे नाहीत, नातेवाईक सोडून गेले, बाई जळून आली, बेवारस माणूस वारला, अशा कामांसाठी मी रोज वॉर्डात असते. तिथे या मुली भेटतात. मी आणि एका सिस्टर ट्यूटरनं मिळून ठरवलं की पंधरा दिवसांतून एक तास या मुलींबरोबर नुसतं बसायचं. विषय ठरलेला नसतो. पण फिरून फिरून बोलणं एकाच गोष्टीवर येतं, ती म्हणजे पहिला मृत्यू. आज जे सांगते आहे ते त्या बोलण्यातून आलेलं आहे. कुणाची ओळख पटेल असं काही सांगणार नाही.

पुस्तकात काय असतं आणि काय नसतं

माणूस गेल्यावर नर्सनं काय करायचं, हे अभ्यासक्रमात आहे. डोळे मिटायचे. हनुवटीला आधार देऊन पट्टी बांधायची. अंग ताठ होण्याआधी हातपाय सरळ करायचे. नळ्या काढायच्या, पण पोलीस केस असेल तर नळ्यांना हात लावायचा नाही. अंग पुसायचं, कापसाचे बोळे लावायचे, पायाचे अंगठे बांधायचे, नावाचं लेबल लावायचं. अंगावरच्या दागिन्यांची यादी करून नातेवाइकांची सही घ्यायची. केस पेपरवर वेळ लिहायची. हे सगळं शिकवायलाच हवं. माणूस गेल्यावरही त्याची अब्रू झाकून काम करायचं, ही फार मोठी गोष्ट नर्सिंगनं जपलेली आहे.

पण मुली म्हणतात की हे आम्ही पुतळ्यावर शिकलो. पुतळा गार नसतो, जड नसतो, आणि पाच मिनिटांपूर्वी आपल्याशी बोललेला नसतो. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मी त्यांचा हात सरळ करत होते आणि माझ्या तोंडून गेलं, दुखलं का? मावशी हसल्या. मग मला घाम फुटला." तिथे हसणाऱ्या मावशींनाही दोष देत नाही मी. त्यांनी अशी शेकडो माणसं उचलली आहेत आणि त्यांनाही कुणी कधी विचारलेलं नाही.

पुस्तकात मृत्यूनंतरचं काम नीट लिहिलेलं असतं. मृत्यूच्या आधीचे जे काही तास किंवा दिवस असतात, त्याबद्दल मुलींना फारच कमी सांगितलं जातं. माणूस जाताना शरीराचं काय होतं? खाणंपिणं सुटतं. गुंगी येते, मध्येच बडबड सुरू होते, हात पांघरुणाशी चाळा करतात. श्वास मध्येच थांबतो आणि पुन्हा जोरानं सुरू होतो. घशात घरघर लागते. हातपाय गार पडतात, कातडीवर जांभळट डाग दिसतात. आपल्या खेड्यातल्या म्हाताऱ्या बायांना हे माहीत असतं. 'घरघर लागली, लेकींना बोलवा' असं त्या म्हणतात. अठरा वर्षांच्या मुलीनं हे पाहिलेलं नसतं. तिला वाटतं, काहीतरी बिघडलं, आणि आपल्या हातून बिघडलं.

एक मुलगी चार महिने एक गोष्ट मनात घेऊन वावरत होती. कर्करोग यकृतापर्यंत पोचलेली एक आजी पाणी मागत होती. मुलीनं डोकं उचलून दोन चमचे पाणी पाजलं. अर्ध्या तासानं आजी गेल्या. त्या मुलीला वाटत होतं की आपण पाणी पाजलं म्हणून त्या गेल्या. ती जेवताना पाण्याचा ग्लास हातात घेतला की थांबायची. मी तिला त्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरकडे घेऊन गेले. सिस्टरनी तिला समोर बसवून सांगितलं की शेवटी शेवटी गिळण्याची ताकद जाते, म्हणून आपण ओल्या कापसानं ओठ आणि तोंड भिजवतो, घोट देत नाही. पण आजी आजारानं गेल्या, तुझ्या दोन चमच्यांनी नाही. हे सांगायला दहा मिनिटं लागली. ती दहा मिनिटं त्याच दिवशी मिळाली असती तर त्या पोरीचे चार महिने वाचले असते.

'पोरी, मी वाचेन का गं?'

दुसरी अडचण शब्दांची. आपल्याकडे आजार काय आहे हे पेशंटला बहुतेक वेळा सांगत नाहीत. घरचे डॉक्टरांना दाराबाहेर गाठून म्हणतात, 'त्यांना सांगू नका, ते हाय खातील'. डॉक्टर राऊंडला येतात आणि दोन मिनिटांत पुढे जातात. स्टाफ सिस्टर औषधं, रक्त, कागद यात बुडालेली असते. आणि स्पंज द्यायला, कूस बदलायला, केस विंचरायला जी मुलगी खाटेशी अर्धा तास असते, तिला पेशंट विचारतो, "पोरी, मी वाचेन का गं?"

तिनं काय उत्तर द्यावं? खरं सांगायचा अधिकार तिला नाही. खोटं सांगायचं तर ती सकाळ-संध्याकाळ त्याच माणसाच्या डोळ्यासमोर असते. मग ती 'डॉक्टरांना विचारा' म्हणते आणि त्या खाटेकडे जाणं टाळू लागते. टाळलं की पेशंटला कळायचं ते कळतंच. म्हणजे माणूस सगळ्यांत जास्त घाबरलेला असतो त्याच दिवसांत त्याच्या खाटेशी कुणी थांबत नाही. मुलीलाही वाटत राहतं की आपण पळालो.

आमच्या बैठकीत यावर आम्ही खूप बोललो. एका जुन्या सिस्टरनी सांगितलेली रीत मला फार पटली. त्या म्हणाल्या, "मी उत्तर देत नाही, मी बसते. स्टूल ओढते आणि विचारते, तुम्हाला काय वाटतं बाबा? मग ते सांगतात. कधी लेकीच्या लग्नाचं असतं, कधी कर्जाचं. मी कधी म्हणते, तुम्ही हे डॉक्टरांशी बोलायला हवं, मी त्यांना सांगून ठेवते. आणि सांगते." यात खोटं काही नाही आणि आपल्या अधिकाराबाहेरचंही काही नाही. पण हे शिकवावं लागतं. ते उपजत येत नाही. बाईच्या जातीला हे आतूनच येतं असं म्हणणं म्हणजे शिकवण्याची जबाबदारी झटकणं आहे. आपण घरकामाबद्दल हेच म्हणत आलो आहोत, ते इथेही खरं आहे.

रडायचं नाही

तिसरी गोष्ट, 'नर्सनं रडायचं नाही' हा नियम. तो कुठे लिहिलेला नाही, पण पहिल्याच आठवड्यात कळतो. रडलीस तर तू कच्ची. आणि रडली नाहीस, पुढच्या खाटेवर जाऊन इंजेक्शन दिलंस, तर नातेवाईक म्हणणार, 'बघा, काळीज नाही या पोरींना.'

लंडनच्या एका शिकाऊ इस्पितळाचा इझाबेल मेन्झीस या मानसतज्ज्ञ बाईंनी अभ्यास केला होता. तो १९६० च्या सुमारास प्रसिद्ध झाला आणि आजही नर्सिंगच्या चर्चेत त्याचं नाव निघतं. त्यांना दिसलं की माणसाचं दुःख आणि मरण यांच्या जवळ राहण्याची जी भीती असते, ती झाकायला इस्पितळानं एक सगळी पद्धतच उभी केली आहे. पेशंटला नावानं ओळखायचं नाही, खाटेच्या नंबरानं किंवा आजारानं ओळखायचं. एका पेशंटचं सगळं काम एकीला द्यायचं नाही, कामाचे तुकडे करायचे. मुलींना या वॉर्डातून त्या वॉर्डात हलवत राहायचं. कुणी जीव लावायचा नाही. एवढं करूनही भीती जात नव्हतीच, आणि शिकायला आलेल्या मुलींपैकी सुमारे एक-तृतीयांश मुली शिक्षण पुरं न करताच जात होत्या, बहुतेक आपण होऊन. आपल्या वॉर्डात 'सात नंबर गेला' असं म्हणतात तेव्हा मला हा अभ्यास आठवतो.

जीन क्विंट या अमेरिकन नर्सबाईंनी १९६७ साली 'द नर्स अँड द डाइंग पेशंट' हे पुस्तक लिहिलं. विद्यार्थिनी मरणाला कशा सामोऱ्या जातात हाच त्याचा विषय. त्यांचं म्हणणं असं की नर्सिंगच्या शिक्षणाचा सगळा भर जीव वाचवण्यावर असतो. मरणाऱ्या माणसाजवळ कसं राहायचं, हे मात्र नशिबावर सोडलेलं असतं. चांगली ट्यूटर जवळ असली तर मुलगी शिकते, नसली तर ती जन्मभर त्या खाटेपासून लांब राहायला शिकते. पन्नासहून जास्त वर्षं झाली या पुस्तकाला. आमच्या मुली जे बोलतात ते याहून वेगळं नाही.

जळीत वॉर्डातली रात्र

आता मी अशा जागेबद्दल बोलते जिथे आपली चळवळ आणि ही मुलगी एकमेकींसमोर येतात. जळीत वॉर्ड. ऐंशी-नव्वद टक्के भाजलेली बाई पहिल्या दिवशी पुष्कळदा शुद्धीवर असते, नीट बोलते. घरच्यांना वाटतं वाचणार. वॉर्डातल्या जुन्या सिस्टरना माहीत असतं की काय होणार. ती बाई वीस-बावीस वर्षांची असते. ड्रेसिंगला मदत करणारी आमची स्टुडंट एकोणीस वर्षांची असते. कधी दोघी एकाच तालुक्यातल्या निघतात.

दिवसा खाटेशी नवरा, सासू असतात. पोलिसांपुढे बाई सांगते, स्टोव्हचा भडका उडाला. रात्री अडीच वाजता, नळीतून सलाईन जात असताना, ती या मुलीला म्हणते, "ताई, स्टोव्ह नव्हता गं." आणि पुढचं सांगते. सांगून म्हणते, "कुणाला बोलू नको, माझी पोरं त्यांच्याकडेच राहणार आहेत."

मैत्रिणींनो, त्या क्षणी त्या मुलीच्या हातात काय आलेलं असतं ते लक्षात घ्या. मरणाऱ्या माणसानं आपल्या मृत्यूच्या कारणाविषयी केलेलं विधान हा कायद्यानं पुरावा आहे. जुन्या पुरावा कायद्याचं कलम ३२ आपल्याला पाठ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात हे कलम २६ झालं. हे विधान तोंडी असू शकतं, खुणांनी केलेलं असू शकतं. मॅजिस्ट्रेटपुढेच केलेलं हवं असं कायदा म्हणत नाही. डॉक्टरपुढे, नर्सपुढे केलेलंही न्यायालय विचारात घेऊ शकतं. ते खरं किती, कुणी पढवलेलं नाही ना, हे न्यायालय तपासतं. २००२ मध्ये लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं की बाई शुद्धीवर होती याची मॅजिस्ट्रेटला खात्री असेल, तर केवळ डॉक्टरचं प्रमाणपत्र नाही म्हणून जबानी फेटाळता येणार नाही.

हे आपल्याला माहीत आहे. त्या मुलीला माहीत नसतं. तिला वाटतं आपण स्टुडंट, आपण कशात पडायचं? कोर्टात जावं लागलं तर घरचे काय म्हणतील? सकाळी ड्यूटी संपते, ती हॉस्टेलवर जाते, आणि दुपारी कळतं की ती बाई गेली. मग ते वाक्य त्या मुलीजवळच राहतं. माझ्याजवळ अशी वाक्यं मुलींनी दोन-दोन वर्षांनी आणून दिली आहेत.

तिनं करायचं काय, हे चार वाक्यांत शिकवता येतं. बाईला खोदून विचारायचं नाही, तिच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत. तिनं सांगितलं ते ताबडतोब ड्यूटीवरच्या सिस्टरला आणि डॉक्टरला सांगायचं. तिचेच शब्द, वेळ आणि तारीख घालून नोंद होईल असं पाहायचं, आणि पोलीस किंवा मॅजिस्ट्रेटला पुन्हा बोलावण्याचा आग्रह धरायचा. पुन्हा जबानी होईल तेव्हा सासरचं माणूस खोलीत नसावं. बाईची इच्छा काय, तिच्या पोरांचं काय, यासाठी समाजसेवा विभागाला आणि महिला संघटनेला कळवायचं. मरणाऱ्या बाईचं ऐकून घेणं म्हणजे नुसती सेवा नसते, ती साक्षही असते. आणि साक्ष देणाऱ्या पोरीला एकटं सोडायचं नाही, हे काम आपलं.

अरुणा शानबाग आणि 'सेवाभाव'

परिचारिकांच्या सेवेचा विषय निघाला की महाराष्ट्रात एक नाव येतंच. अरुणा शानबाग मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी, इस्पितळाच्या तळघरात कपडे बदलत असताना तिथल्याच एका सफाई कामगारानं त्यांच्यावर हल्ला केला, गळ्याला साखळी आवळली. मेंदूला इजा झाली ती कायमची. त्याच इस्पितळातल्या परिचारिकांनी त्यांना जवळजवळ बेचाळीस वर्षं सांभाळलं. १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या. शिकायला आलेल्या मुलींच्या किती तुकड्या त्यांच्याबद्दल ऐकत, त्यांना पाहत मोठ्या झाल्या असतील. ७ मार्च २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात त्यांच्यासाठी केलेली दयामरणाची मागणी मान्य झाली नाही. त्यांच्याबाबत बोलण्याचा हक्क न्यायालयानं त्यांना सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांचा मानला. त्याच निकालानं, उपचार थांबवून मरण येऊ देण्याचा मार्ग मात्र काही अटींवर देशात पहिल्यांदा मोकळा केला. पुढे २०१८ मध्ये सन्मानानं मरण्याचा हक्क आणि आधी लिहून ठेवलेली इच्छा न्यायालयानं मान्य केली, आणि २०२३ मध्ये तिची पद्धत थोडी सोपी केली.

या गोष्टीत सगळ्यांना सेवाभाव दिसतो. आहेच तो. पण मला त्याबरोबर आणखी दोन गोष्टी दिसतात. एक, इतकी वर्षं खाटेवर असलेल्या बाईच्या अंगाला जखमा होऊ न देणं हे नुसत्या प्रेमानं होत नाही, त्याला कसब लागतं. दर काही तासांनी कूस बदलणं, कातडी कोरडी ठेवणं, भरवणं, हे शिकलेलं काम आहे. दोन, कपडे बदलायला सुरक्षित जागा मिळण्यासारख्या साध्या गोष्टीशी हा हल्ला जोडलेला आहे. सेवाभावाचे गोडवे गायचे आणि परिचारिकेच्या जिवाची सोय पाहायची नाही, हा आपल्या समाजाचा जुना रिवाज आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्यात ड्यूटीवरच्या शिकाऊ डॉक्टर मुलीचं जे झालं, त्यानंतर तरी तो बदलायला हवा होता.

रात्रपाळी, राग आणि विटाळ

माणूस मध्यरात्री गेला तर नातेवाइकांसमोर सगळ्यांत आधी कोण असतं? पुष्कळदा स्टुडंट. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण शिकाऊ इस्पितळाच्या साध्या वॉर्डात तीन पेशंटना एक नर्स असं आहे. आपल्यापैकी कुणी सरकारी वॉर्डात रात्र काढली असेल तर तिला वेगळं सांगायला नको. ती कमी भरून काढायला विद्यार्थिनी उभ्या केल्या जातात. त्या शिकायला आलेल्या असतात, पण हिशोबात हात म्हणून धरल्या जातात. २०२१ च्या मे महिन्यात तर शेवटच्या वर्षाच्या परीक्षेसाठी थांबलेल्या मुलींनाही शिक्षकांच्या देखरेखीखाली कोविडचं काम देता येईल असं केंद्र सरकारनं सांगितलं. त्या काळात ज्यांनी काम केलं त्या मुली सांगतात की घरच्यांना चेहराही दाखवता येत नव्हता, आणि बंद पिशवीवर नाव लिहायचं काम आमचं होतं.

नातेवाइकांचा राग यांच्यावर निघतो. महाराष्ट्रात २०१० साली आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हिंसेविरुद्ध कायदा झाला, त्यात नर्सिंगच्या विद्यार्थिनींचाही समावेश आहे. २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्यात इस्पितळ येतं आणि प्रशिक्षणार्थीही येतात. मी ज्या मुलींना विचारलं त्यांपैकी बहुतेकींना यातलं एकही माहीत नव्हतं.

आणि मग घर. प्रेताला हात लावून आलेली मुलगी घरी गेली की आई अंगणातच पाण्याची बादली ठेवते. एका मुलीला मामीनं देवघराशी येऊ दिलं नाही. एकीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, "पुरुषांची अंगंही पुसावी लागतात का हो?" मेलेल्या जनावराला, मेलेल्या माणसाला हात लावणारे हलके, ही आपली जुनीच जातीची शिकवण. नर्सच्या पांढऱ्या गणवेशानंही ती पुसली गेलेली नाही. बाहेर 'देवदूत' म्हणायचं आणि घरात विटाळ पाळायचा. दोन्हीकडे ती माणूस नाहीच.

मग काय करायचं?

मरणाऱ्या माणसाची काळजी ही शिकण्याची गोष्ट आहे, हे ज्यांनी जगाला दाखवलं त्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग इस्पितळातल्या समाजसेविका झाल्या, आणि मग डॉक्टर. १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केलं. दुखणं शरीराचं असतं, तसंच मनाचं, नात्यांचं आणि पैशाचंही असतं, आणि सगळं मिळून एक दुखणं असतं, ही मांडणी त्यांची. आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झालं, ते देशातलं पहिलं हॉस्पिस. केरळात १९९३ पासून कालिकतला काम सुरू झालं आणि ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मदतीनं घराघरात पोचलं. २००८ मध्ये तिथल्या सरकारनं त्याचं धोरण केलं. परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात ही वेदनाशामक काळजी, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, सक्तीची झाली. ही चांगली गोष्ट आहे. पण कागदावरचा विषय खाटेपर्यंत पोचवायला माणसं लागतात.

माझ्या मागण्या साध्या आहेत. पहिली, कुठल्याही विद्यार्थिनीचा पहिला मृत्यू तिनं एकटीनं पाहू नये. ट्यूटर किंवा अनुभवी सिस्टर शेजारी असावी. दुसरी, त्याच पाळीत पंधरा मिनिटं बसून बोलणं व्हावं. काय पाहिलंस, काय कळलं नाही, कशाची भीती वाटली. याला पैसा लागत नाही. तिसरी, रात्रपाळीत स्टाफच्या जागी एकटी स्टुडंट ठेवू नये. चौथी, जळीत वॉर्डात पाठवण्याआधी मृत्युपूर्व जबानीबद्दल तासभर शिकवावं. पाचवी, रडण्याबद्दल शेरा मारला जाऊ नये. पेशंट गेला म्हणून डोळ्यांत पाणी येणारी मुलगी कामाला कमी नसते. पाणी पुसून पुढच्या खाटेवर जायचं कसं, हे तिला जुन्या सिस्टरनी दाखवायचं असतं.

आणि आपण काय करायचं? आपण ज्या मुलींना नर्सिंगला घातलं त्यांची यादी आपल्याकडे आहे. आजपासून महिन्याभरात त्या प्रत्येकीला भेटायला जाऊ या. 'अभ्यास कसा चाललाय' एवढं विचारून उठू नये. 'वॉर्डात कुणी गेलं का? तू तेव्हा काय केलंस?' असंही विचारावं. तिच्या आईशी बोलावं, बादली अंगणातून आत आणायला सांगावी. ज्या संघटनांकडे वकील मैत्रिणी आहेत त्यांनी जवळच्या नर्सिंग शाळेच्या प्राचार्य बाईंना पत्र लिहून जबानीच्या आणि छळाच्या कायद्यावर दोन तास मागून घ्यावेत. बहुतेक प्राचार्य बाई नाही म्हणत नाहीत, त्यांनाही कुणी विचारलेलं नसतं. आणि आपल्या वस्तीत कुणी घरीच अखेरच्या दुखण्यात असेल तर त्या घरातल्या सुनेला कूस बदलायला, तोंड ओलं करायला ही मुलगी शिकवू शकेल. तिचं शिक्षण वस्तीच्याही कामाला येईल, आणि आपलं काम लोकांना हवं आहे हे तिलाही दिसेल.

आपण सगळ्याच जणी कधी ना कधी त्या खाटेवर असणार आहोत. तेव्हा शेजारी जी कुणी असेल तिला घरघर म्हणजे काय हे माहीत असावं, तिला स्टूल ओढून बसायला वेळ असावा, आणि तिची पाळी संपल्यावर तिलाही कुणी विचारणारं असावं. एवढंच मागणं आहे.

मला दिलेला वेळ संपला. आता तुम्ही बोला. विशेषतः ज्यांच्या मुली सध्या शिकत आहेत, त्यांनी आधी बोलावं.